मॅलकीची पदकं आणि थेडीची पेटी

मॅलकी टार्पी माझा थोरला भाऊ. आमच्या क्लूनाबिनमध्ये निम्मे लोक त्याला इंग्रजांचा चाकर म्हणायचे, आणि आता तो गेल्यावर त्यांचीच नातवंडं त्याला शूरवीर म्हणतात, शाळेत उभं राहून त्याच्यावर भाषणं ठोकतात. मला दोन्ही ऐकून सारखाच संताप येतो. म्हणून मी सांगते. मी अ‍ॅट्रॅक्टा, त्याची धाकटी बहीण. नावाला हसू नका, आमच्या भागातल्या संतिणीचं नाव आहे, आणि तिनं एका राक्षसाला धरून बडवलं होतं असं म्हणतात. माझ्यात तिचं तेवढंच उतरलंय.

आयर्लंडच्या पश्चिमेला आमचा मेयो जिल्हा, तिथली तरणी पोरं तेव्हा समुद्र ओलांडून इंग्लंडला कामाला जायची. मॅलकीही जायचा. युद्ध सुरू झालं तरी घरची चूल पेटायचं थांबत नाही. आमचा देश त्या युद्धात नव्हता. 'आमचं भांडण नाही' असं सरकार म्हणायचं आणि घरोघरीही लोक तेच म्हणायचे. एक्केचाळीसच्या वसंतात मॅलकीला लिव्हरपूलच्या गोदीत काम मिळालं, आणि तो बूटलमध्ये मिसेस अ‍ॅश्क्रॉफ्ट नावाच्या विधवेकडे राहू लागला. ती त्याला 'माझं आयरिश गाढव' म्हणायची आणि त्याचे मोजे रफू करून द्यायची. मे महिन्यात जर्मनांनी बूटल भाजून काढलं. मॅलकीनं दिवसभर हातांनी विटा उपसल्या. ती जिन्याखाली मेलेली सापडली. त्याच आठवड्यात तो हवाई दलात भरती झाला. घरी एक कार्ड आलं: 'आई, या वर्षी बटाटे काढायला येत नाही.'

त्याला बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या शेपटीत बसवलं. तिथे काचेची एक कोठडी असते आणि त्यात एकटा माणूस मशिनगन धरून बसतो. तिथली थंडी अशी की त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. एकदा विमानाला आग लागली, तर हा उडी न मारता बंदुकीशी बसून राहिला, आणि त्यामुळे बाकीचे सगळे जिवंत परतले. त्याबद्दल त्याला चांदीचं पदक जाहीर झालं, राजाचं तोंड कोरलेलं. बाकीची चार बहुतेकांना मिळतात तशीच.

सेहेचाळीस साली तो घरी आला तेव्हा गावात कोणी त्याला दगड मारला नाही. दगड परवडला असता. तो पबमध्ये शिरला की गप्पा बंद व्हायच्या. फुटबॉलच्या संघाचा तो पूर्वीचा गोलकीपर, पण त्याला बोलवायला कोणी आलं नाही. सैन्यातून परतलेले इतर गावांतले लोक आपले ओव्हरकोट काळे रंगवून घ्यायचे. शिंप्यानं त्यालाही सांगितलं, "मॅलकी, दे इकडे, काळा करून देतो. कशाला लोकांच्या डोळ्यांवर येतोस?"

"डोळे त्यांचे आहेत," मॅलकी म्हणाला. "कोट माझा आहे."

दर रविवारी तो हवाई दलाचा तोच निळा कोट घालून चर्चला जायचा आणि दाराशी, टोपीवर एक गुडघा टेकून बसायचा. पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे कधी गेला नाही, आणि पापांची कबुली द्यायलाही नाही. आई ते बघायची.

एकोणपन्नासच्या वसंतात आमच्या देशानं इंग्लंडच्या राजाशी उरलेला शेवटचा धागाही तोडला. टेकड्यांवर होळ्या पेटल्या, बँड वाजले. आणि नेमक्या त्याच दिवसांत पोस्टातून ती पदकं आली. पोस्टातल्या बाईच्या पोटात काही राहायचंच नाही, दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. मॅलकीनं डबी उघडलीसुद्धा नाही. आईनं उघडली. स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्या खालीच एक खिळा ठोकला आणि पाचही पदकं त्याला अडकवली.

"आई, काढ ते," मॅलकी म्हणाला.

"भिंत माझी आहे. मुलगाही माझा आहे. तुला बघवत नसेल तर तोंड फिरवून बस."

तो खरोखर त्या भिंतीकडे पाठ करून जेवू लागला.

आता मिस्साचं सांगते. आमच्याकडे वर्षातून दोनदा मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, चर्चमध्ये न होता गावातल्या एका घरात होते, आळीपाळीनं. ज्याच्याकडे मान येतो तो घराला चुना लावतो, दारं रंगवतो, शेजाऱ्यांकडून कपबश्या मागून आणतो, आणि मिस्सा झाल्यावर प्रसादासाठी उपाशीपोटी आलेल्या फादरसकट साऱ्या गावाला नाश्ता घालतो. एकदा मान येऊन गेला की पुन्हा यायला कितीतरी वर्षं जातात. त्या ऑक्टोबरात मान आमच्याकडे होता. आईचं हृदय थकलं होतं. पुढची फेरी तिला दिसणार नाही हे डॉक्टरनं आम्हाला हळूच सांगितलं आणि तिनं दाराआडून ऐकलं. तेव्हापासून ती एकच म्हणायची, "माझ्या घरात मिस्सा होऊ दे, मग मला कुठेही न्या."

मिस्साची एक पेटी असते. फादरांची वस्त्रं, वेदीचा दगड, मेणबत्त्यांचे दिवे, सगळं त्यात. ज्या घरी मागची मिस्सा झाली तिथे ती राहते, आणि पुढच्या घरच्यांनी जाऊन ती आणायची. मागची मिस्सा झाली होती समोरच्या थेडी लॉफ्टसकडे.

थेडी म्हणजे जुना लढवय्या. एकवीस साली इंग्रजांविरुद्ध रानावनातून लढलेला. आपल्या सरकारनं दिलेलं पदक तो दर ईस्टरला कोटावर लावून मिरवायचा, आणि मिरवायचा हक्क त्याला होता, मी नाही म्हणत नाही. पण मॅलकी रस्त्यानं आला की हा पाठ फिरवायचा, आणि पाठ फिरवताना सगळ्यांनी बघावं असा थांबायचा.

आदल्या दिवशी दुपारी मी आणि मॅलकी पेटी आणायला गेलो. तिला दोन कड्या, म्हणून दोघं. थेडी अंगणात सरपणाच्या ढिगावर बसला होता. उठला नाही.

"पेटी न्यायला आलोय, थेडी," मॅलकी म्हणाला.

"भिंतीवरचं ते तोंड खाली उतरलं का?"

"कुठलं तोंड?"

"राजाचं! येशूच्या खाली टांगलंय तुझ्या आईनं. त्या तोंडासमोर मी गुडघे टेकायचे? त्याच्या माणसांनी माझं घर जाळलं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग काढ. काढ, आणि पेटी मी स्वतः खांद्यावर घेऊन येतो. उद्या सगळ्यांत पुढे मी बसेन."

मला वाटलं, मॅलकी हो म्हणेल. त्याला तरी ती पदकं कुठे हवी होती? पाठ करून जेवणारा माणूस. मी हळूच म्हणाले, "मॅलकी, आईसाठी."

तो थेडीला म्हणाला, "तुम्ही शेजारी म्हणून येऊन म्हणाला असतात, मॅलकी, मला त्रास होतो, तर काढलीही असती. पण मिस्साची पेटी मांडीखाली दाबून मला हुकूम सोडताय. हुकूम मी खूप पाळले. आता नाही."

"मग पेटी नाही."

"ठीक."

"आईचा मान घालवशील रे!"

"मान तुम्ही घालवताय, थेडी. माझ्यावर ढकलू नका."

थेडीची बायको सेलिया दारात उभी राहून एप्रनला हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते. मी परत येताना रडले, रागानं. मॅलकी घरी येऊन आईला म्हणाला, "पेटी मिळाली नाही. ती पदकं उतरवली तर मिळेल. तू सांगशील तसं." आई ओट्यावर पावाचं पीठ मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "फादर येतील सकाळी, ते बघून घेतील. तू चुलीत सरपण घाल."

पण फादरांनी जे बघितलं ते भलतंच. सकाळी सारा गाव रस्त्यावर, आमचं घर चुन्यानं चकचकीत, आणि आमच्या चर्चचे मोठे फादर लव्हेल सायकलवरून उतरतात न उतरतात तोच थेडी फाटकातून म्हणाला, "फादर, पेटी माझ्याकडे आहे. घरही झाडलेलं आहे."

मोठे फादर वाईट माणूस नव्हते. भांडण दिसलं की ज्यांचं पोट दुखतं अशांतले होते. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, थेडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मला दहाला एक अंत्यविधी आहे," ते म्हणाले. "पेटी जिथे, तिथे मिस्सा." आणि थेडीच्या घरात शिरले. लोक क्षणभर घुटमळले, मग मेंढरांसारखे मागोमाग गेले. काहींनी आमच्या खिडकीकडे बघणं टाळलं.

आई आपल्या नव्या चुन्याच्या भिंतीशी काळा पोशाख घालून बसली होती. टेबलावर पांढरी चादर, अंड्यांची टोपली, गरम पाव. मी तोंडाला येईल ते बोलत होते. थेडीला, फादरांना, साऱ्या गावाला. आईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता माझी शाल आण. आणि पिना."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

तिनं भिंतीवरून पाचही पदकं उतरवली आणि मला आपल्या शालीवर, छातीशी, एकेक करून लावायला लावली. मॅलकी कोपऱ्यातून म्हणाला, "आई, माझ्यासाठी हे नको."

"तुझ्यासाठी कोण करतंय? त्याला राजाचं तोंड भिंतीवर नको होतं. घे, भिंतीवर नाही." आणि तिनं हात पुढे केला. "चल, मला धर. रस्ता ओलांडायचाय, दम लागतो."

मिस्साच्या दिवशी त्या घराचं दार कोणालाही बंद करता येत नाही, ही आमच्याकडची रीत. सात पिढ्यांचा वैरी आला तरी आत घ्यायचा. आणि मिस्सा ओढून घेतली थेडीनंच. आई मॅलकीच्या हातावर भार टाकून त्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली. चालताना पदकं खुळखुळत होती, आतल्या माना दाराकडे वळल्या.

"थेडी, सरक," ती म्हणाली. "मला पुढे गुडघे टेकायचेत."

थेडीचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडला. तो तिच्या छातीकडे बघत होता. पण रीत त्यालाही ठाऊक होती. तो सरकला. सेलियानं धावत जाऊन आपली उशी आणली आणि आईच्या गुडघ्यांखाली सरकवली, नवऱ्याकडे न बघता.

मिस्साआधी फादर कोपऱ्यात खुर्ची टाकून कबुल्या ऐकतात. एकेक जण जातो, कानाशी कुजबुजतो, उठतो. कोणीच उरलं नाही असं वाटलं, तेव्हा दाराशी बसलेला मॅलकी उठला आणि सगळं घर ओलांडून त्या खुर्चीशी जाऊन बसला. का गेला ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. आईकडे बघून गेला असेल. थोडा वेळ कुजबुज चालली. मोठे फादर काहीतरी समजावत होते, 'परका राजा' असे दोन शब्द मला ऐकू आले. मग मॅलकीचा आवाज चढला.

"नाही, फादर. त्याचं मला वाईट वाटत नाही."

"हळू बोल, बाळा."

"तीन वर्षं हळूच बोलतोय. तुम्ही मला भलत्याच पापाची माफी देताय. ती मला नको."

तो उठला आणि माफी न घेता दाराशी जाऊन पुन्हा टोपीवर गुडघा टेकून बसला. मला थेडी दिसत होता. तो चुलीशी होता, खुर्चीच्या अगदी जवळ. त्यानं मान वळवून मॅलकीकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड वळवून पाहिलं.

मिस्सा झाली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मोठे फादर आईसमोर आले, त्यांच्या नजरेसमोर नेमकी ती पाच पदकं. हात जरा थांबला. आईनं डोळे न मिटता तोंड उघडलं. मग त्यांनी प्रसाद दिला.

आणि आता थेडीची पंचाईत झाली. मान घेतला खरा, पण घरात शिजवलेलं काय? सेलियाकडे कालचा अर्धा पाव आणि अंडी द्यायची थांबलेली कोंबडी. अख्खा गाव आदल्या दिवसापासून उपाशी, मोठे फादर धरून. सेलिया कावरीबावरी झाली. तेव्हा आई उशीवरून उठली, पदकं सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "थेडी, मान तुझा झाला. अंडी माझी आहेत. चला सगळे."

पोट कोणाला सोडतं? सगळे निघाले. मिस्साच्या घरधन्यानं फादरांशेजारी बसून नाश्ता करायचा, ही रीत. म्हणजे थेडीला यावंच लागलं. मी त्याला मुद्दाम मोकळ्या खिळ्यासमोर बसवलं. हो, बसवलं, आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

मी पाव कापत होते, मॅलकी चहा ओतत फिरत होता. कोणीतरी हवेबद्दल बोललं. कोणीतरी गाईच्या किमतीबद्दल. थेडीनं अंड्याला हात लावला नव्हता. अचानक तो म्हणाला, "मॅलकी."

मॅलकी किटली घेऊन वळला.

"तिथे कोपऱ्यात म्हणालास, भलत्याच पापाची माफी. मग खरं कुठलं?"

"जेवताना कशाला, थेडी," मोठे फादर म्हणाले.

"मी त्याला विचारतोय, फादर."

मॅलकीनं किटली टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं मला राजावरून बोललात," तो म्हणाला. "राजाला मी पाहिलंही नाही. मी त्याच्यासाठी गेलोच नव्हतो. मी विमानाच्या शेपटीत बसायचो, तोंड मागे करून. बाकीचे पुढे बघायचे, कुठे जायचं ते. काय करून आलो ते बघत बसायचं काम माझं. शहर पेटलं की खूप लांबूनही दिसतं, थेडी. मागे मागे जातं, पण विझत नाही. मी एका बाईला जिन्याखालून माझ्या या हातांनी काढली होती, म्हणून मी भरती झालो. आणि मग वरून बघत बसायचो. खाली किती घरं, किती जिने. प्रत्येक जिन्याखाली कोणीतरी. ते मला आजवर कोणी विचारलं नाही. तुम्ही नाही, फादर तुम्ही नाही. सगळ्यांना राजाचं तोंड दिसलं. माणसं कोणाला दिसली नाहीत."

"म्हणजे तुला पश्चात्ताप आहे," मोठे फादर हलकेच म्हणाले. "मग तेवढंच म्हण ना, बाळा. मी आत्ता माफी देतो."

"आहे. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. ते आपण होऊन थांबणार नव्हते, कोणीतरी जायलाच हवं होतं. पुन्हा जाईन आणि पुन्हा मला झोप लागणार नाही. दोन्ही खरं आहे. यातलं एक टाक म्हणजे माफी देतो, असं म्हणाल तर मी टाकणार नाही." मग तो सगळ्यांकडे वळला. आवाज चढवला नाही. "मला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. पण त्या माणसांसाठी द्या. राजासाठी दिल्यात तर मी ऐकून घेणार नाही."

माझ्या हातात सुरी तशीच राहिली. मी त्याची बहीण, त्याच्या कोटावरून सगळ्या गावाशी भांडलेली. मीही त्याला कधी विचारलं नव्हतं.

थेडीनं बशी बाजूला सारली आणि म्हणाला, "एकवीस साली, पुलाशी, मी एका पोलिसाला मारला. आपलाच माणूस होता, शेजारच्या रॉसकॉमनचा. वर्दी त्यांची. खिसे तपासले तर लेकरांसाठी घेतलेल्या गोळ्या निघाल्या, कागदाच्या पुडीत. त्यावर मला पदक दिलं सरकारनं. मलाही कोणी काही विचारलं नाही."

सेलियानं तोंडावर हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"खा आता," आई म्हणाली. "अंडं गार झालं. अ‍ॅट्रॅक्टा, त्याला दुसरं दे."

हळूहळू लोक उठले. मॅलकी केव्हा निघून गेला ते कळलं नाही. सकाळच्या गोंधळात गाईचं दूध काढायचं राहिलं होतं, तो गोठ्यात गेला होता. मोठे फादर दारात थांबले, टोपी फिरवत.

"सबीना," ते आईला म्हणाले, "तुझा मान राहून गेला. माझं चुकलंच. वसंतात मिस्सा तुझ्याकडेच करू, फेरी मोडून करू."

"वसंतापर्यंत मी आहे असं डॉक्टरला वाटत नाही, फादर," आई म्हणाली. शाल अजून तिच्या अंगावर होती, पदकांसकट. "आणि माझ्या घरात आज जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं. त्यात काय राहून गेलं ते तुम्हीच सांगा."

मोठ्या फादरांनी सायकल भिंतीला टेकवली आणि चिखलातून गोठ्याकडे चालत गेले. मी खिडकीतून बघत होते. मॅलकीनं दूध काढणं थांबवलं नाही, वर बघितलंही नाही. फादर टोपी हातात घेऊन गाईच्या बाजूला उभे होते, आणि या वेळी बोलत होता तो मॅलकी.